कशाचे टक्के?

सोलापूरकडच्या माणसाला उणे टक्का समजावून सांगावा लागत नाही. पाऊसमान कमी झालेल्या वर्षी जानेवारी उजाडला की टपरीवर कुणीतरी म्हणतं, "उजनी मायनसमध्ये गेली." ऊसवाला, डाळिंबवाला, शेततळंवाला सगळे मान हलवतात. मग रोज पेपरात धरणाच्या पाणीसाठ्याचा आकडा येत राहतो. उणे दहा, उणे पस्तीस, उणे पन्नास. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठच्या आसपास पोचला होता. पुढे पावसाळ्यात भीमा भरून वाहिली की हाच आकडा शून्यावर येतो, शंभर ओलांडतो आणि कधी कधी एकशे अकरापर्यंत जातो. त्याचंही तिथे कुणाला नवल वाटत नाही.

नवल वाटतं ते बाहेरच्याला. माझा भाचा इंजिनियर आहे, पुण्यात असतो. एकदा पेपर हातात घेऊन म्हणाला, "मामा, हे छापणाऱ्याची चूक आहे. धरण रिकामं झालं की शून्य टक्के. त्याच्या खाली काय जाणार? आणि शंभरच्या वर पाणी मावणार कसं?" मी म्हटलं, "अरे, शंभर कशाला म्हणायचं ते कुणी ठरवलं, ते आधी विचार."

उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातलं तळाचं ६३.६६ टीएमसी पाणी 'मृत साठा' म्हणून वेगळं धरलेलं आहे. त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी तेवढं 'उपयुक्त'. पेपरातला टक्का मोजतात तो या वरच्या ५३.५७ चा. पाण्याची पातळी मृत साठ्याच्या रेघेवर आली की टक्का शून्य होतो. धरणात तेव्हाही ६३ टीएमसीहून जास्त पाणी उभं असतं. रेघेच्या खालचं पाणी उपसायला लागलं की आकड्याआधी उणे चिन्ह लागतं. उणे साठ म्हणजे ५३.५७ च्या साठ टक्के, साधारण ३२ टीएमसी, एवढं पाणी मृत साठ्यातूनही गेलं. उरलं साडेएकतीस. उलट पावसाळ्याच्या शेवटी रेघेच्या वर जवळपास साडेएकोणसाठ टीएमसी साठवलं, की झाले एकशे अकरा टक्के. तळाशी बसलेला गाळ या हिशोबात नसतो. तो वाद वेगळा.

आता हेच साडेएकतीस टीएमसी धरणाच्या एकूण क्षमतेवर मोजा. उत्तर येतं सत्तावीस टक्के. दिवस तोच, पाणी तेच, पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलंय तेही तेच. एका रीतीनं धरण उणे साठ टक्के, दुसऱ्या रीतीनं अधिक सत्तावीस टक्के. दोन्ही गणितं बरोबर आहेत. सोलापूर महापालिकेच्या ज्या माणसांना अशा वेळी दुबार-तिबार पंपिंग करून पाणी उचलावं लागतं, त्यांना पहिलाच आकडा खरा वाटणार, आणि वाटावाच.

गणितातल्या संज्ञांपैकी दिवसाकाठी सर्वांत जास्त वेळा तोंडात येणारी संज्ञा टक्का हीच असावी. त्रिज्या, लसावि, वर्गमूळ हे शब्द शाळेबरोबर सुटतात. टक्का सुटत नाही. तो बँकेत भेटतो, दुकानाच्या पाटीवर भेटतो, निकालात, निवडणुकीत, डॉक्टरच्या तोंडी भेटतो. व्याख्या एका ओळीची आहे: शंभराच्या मानानं किती. अडचण व्याख्येत नाही. ते 'शंभर' कशाचे, हे शब्दात कुठेच लिहिलेलं नसतं, तिथे आहे.

शब्दाचं कूळ नाण्याचं. संस्कृतात 'टंक' म्हणजे ठसा उमटवलेलं नाणं, आणि एक वजनही. नाणी पाडायची जागा ती टंकशाला. आपण तिला टांकसाळ म्हणतो. कागदावर अक्षरांचे ठसे उमटवायचे म्हणून टंकलेखन. दिल्लीच्या सुलतानांचं चांदीचं नाणं होतं टंका. महंमद तुघलकानं चांदीऐवजी हलक्या धातूचे टंके काढले आणि त्यात हात पोळून घेतले, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. बांगलादेशाचं चलन आजही टाका आहे. शंभर नाण्यांमागे व्याजाची नाणी किती, हा व्यवहारातला रोजचा प्रश्न. तो विचारता विचारता नाण्याचंच नाव प्रमाणाला चिकटलेलं दिसतं. 'टक्केटोणपे खाल्ले' मधले टक्के मात्र मार खाण्यातले. कर्ज थकवलेल्या माणसाला दोन्हींतलं नातं जाणवत असेल, तो भाग निराळा.

युरोपात हाच प्रवास इटलीच्या व्यापाऱ्यांनी केला. 'पेर चेंतो', म्हणजे शंभरामागे, हे शब्द वहीत पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा. पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांत त्याचं आखूड रूप दिसतं, ते झिजत झिजत दोन शून्यं आणि मधे तिरकी रेघ असं चिन्ह झालं. त्याही आधी, रोमच्या ऑगस्टस बादशहानं लिलावात विकल्या जाणाऱ्या मालावर शंभरावा हिस्सा कर बसवला होता. म्हणजे चिन्ह नव्हतं, शब्द नव्हता, पण एक टक्का कर होताच.

मराठीत 'टक्क्या'च्या जोडीला 'शेकडा' होता आणि अजून आहे. नारळ शेकड्यानं विकतात, व्याज 'शेकडा दोन' असं बोलतात. शाळेच्या पुस्तकांनी शतमान, शेकडेवारी असे शब्द चालवले. पण या सगळ्यांत माझा आवडता शब्द म्हणजे तो चार टिंबांचा संक्षेप, ज्यानं कित्येक पिढ्यांना परीक्षेत घाम फोडला: द.सा.द.शे. दर साल दर शेकडा. "रामरावांनी ५००० रुपये द.सा.द.शे. १० दराने ३ वर्षांसाठी कर्जाऊ घेतले." मुद्दल, मुदत, दर, सरळव्याज, रास. आम्ही तो मंत्रासारखा 'दसादशे' म्हणायचो; त्याचा विग्रह कुणी विचारला असता तर निम्मा वर्ग उभा राहिला असता.

विग्रह करून बघावा असाच तो आहे. त्यात 'दर' दोनदा आलाय. एक दर शेकड्याचा, म्हणजे किती रकमेमागे. दुसरा दर सालाचा, म्हणजे किती काळामागे. व्याजाचा दर सांगायचा तर या दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात, आणि आमच्या जुन्या अंकगणितवाल्यांनी त्या चार अक्षरांत कोंबून बसवल्या. 'टक्का' आला आणि त्यातलं साल गळालं. "दहा टक्क्यांनी घेतले" एवढंच म्हणून माणूस मोकळा होतो.

साल गळालं की काय होतं ते गावाकडे बघावं. बँकेत 'बारा टक्के' म्हटलं तर ते वर्षाचे. गावातल्या खासगी देणाऱ्यानं 'दोन टक्के' म्हटलं तर ते महिन्याचे. हे कुणी लिहून देत नाही, सांगतही नाही. सगळ्यांना माहीत असतं असं धरून चालतात. शहरातून आलेल्या नवख्याला दोन टक्के हे बँकेच्या बारापेक्षा किती स्वस्त वाटतील! पन्नास हजार घेतले की महिन्याला हजार. वर्षाला बारा हजार. म्हणजे द.सा.द.शे. २४. पाच टक्क्यांनी घेतले तर ६०. दहा टक्क्यांनीही पैसे फिरतात; तिथे दहा महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढं होतं. जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट नावाचा नियम होता, की एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. दोन टक्क्यांच्या कर्जाला ती मर्यादा गाठायला पन्नास महिने लागतात, पाच टक्क्यांच्या कर्जाला वीस.

हा महिन्याचा हिशोब गावानं कालपरवा काढलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याजाचे दर दिलेत तेही महिन्याचे आणि शंभरावरचे. साध्या कर्जाला शंभर पणांमागे दरमहा सव्वा पण, हे धर्म्य व्याज. व्यापाराला पाच. रानवाटांनी माल नेणाऱ्यांना दहा. समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. आपल्या भाषेत वर्षाला १५, ६०, १२० आणि २४० टक्के. जोखीम वाढली की व्याज वाढतं हे आजच्या बँकवाल्याला नवं नाही, फक्त जहाज बुडण्याची जोखीम कौटिल्यानं इतक्या रोकठोक आकड्यात मांडली होती.

भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. तिच्यात पंचराशिकाचं एक उदाहरण आहे: शंभराला महिन्याचं व्याज पाच, तर सोळांचं वर्षाचं व्याज किती? पंचराशिक म्हणजे पाच राशी माहीत आणि सहावी काढायची. इथे पाच राशी कोणत्या ते मोजा: शंभर, एक महिना, पाच, सोळा, बारा महिने. उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. मला यातलं उत्तर तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. प्रश्न मांडतानाच रक्कम आणि काळ दोन्ही हातात दिलेत, हे पाहण्यासारखं आहे. भास्कराचार्यांच्या गणिताचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला. त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला. तो १२०७ चा. खानदेशातल्या त्या मठात पोरं पंचराशिक घोकत असतील तेव्हा त्यांना 'टक्के' शब्दाची गरजच पडली नसेल.

काळ लपवायची आजची तऱ्हा जास्त सुबक आहे. दुचाकीच्या कर्जाची पाटी म्हणते, 'फक्त ९ टक्के', आणि बारीक अक्षरात 'फ्लॅट'. लाख रुपये, तीन वर्षं. नऊ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज सत्तावीस हजार. एकूण एक लाख सत्तावीस हजार भागिले छत्तीस, हप्ता साधारण ३,५२८ रुपये. गणितात खोट नाही. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत चाललात आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण लाखावर लागत राहिलं. तुमच्याकडे खरोखर उरलेल्या रकमेवर, घरकर्जासारखं, मोजलं तर हाच दर वर्षाला सोळा टक्क्यांच्या वर जातो. नऊ आणि सोळा यांच्यातला फरक 'कशाचे टक्के' एवढ्या प्रश्नाचा आहे, आणि शोरूममध्ये तो विचारायला लाज वाटावी अशी सोय केलेली असते: चहा येतो, पेढे येतात, चावीचा मोठा पुठ्ठा हातात देऊन फोटो काढतात.

आता वाढ आणि घट. इथे तर पाया मधल्यामधे बदलतो. कांद्याचा भाव क्विंटलला चार हजार होता, तो हजारावर आला. घट पंचाहत्तर टक्के. काही महिन्यांनी भाव परत चार हजार झाला. आता बातमी येते: 'कांदा तीनशे टक्क्यांनी कडाडला'. शहरातलं घर हादरतं. शेतकरी जिथे होता तिथेच परत आलेला असतो. पण पडताना पंचाहत्तर आणि चढताना तीनशे, असं ऐकून त्याच्या हातात छप्पर फाडून पैसे पडले असं वाटावं. घसरण मोजली चार हजारांवर, वाढ मोजली हजारावर. म्हणूनच घट शंभर टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही, वाढीला मात्र आकाश मोकळं. 'खर्च दोनशे टक्क्यांनी कमी' अशी जाहिरात दिसली तर ती कंपनी आपल्याला पैसे देणार आहे असं समजायला हरकत नाही.

दुकानातली 'पन्नास टक्के अधिक वीस टक्के सूट' हे याचंच भावंड. हजाराच्या शर्टावर सातशे सुटत नाहीत. आधी पाचशे सुटतात, मग उरलेल्या पाचशेवर वीस टक्के, म्हणजे शंभर. साठ टक्के सूट. पाटीवर 'अधिक' लिहिलंय. ते गुणाकाराचं काम आहे.

रिझर्व्ह बँकेच्या बातमीत मराठीनं एक छान सोय करून ठेवली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ झाला. मराठी पेपरांनी लिहिलं, 'पाव टक्क्याची कपात'. काटेकोर बघणारा म्हणेल, साडेसहाचा पाव टक्का म्हणजे ०.०१६, एवढीशी कपात कुठे झाली? आणि दर कमी झाला तो मूळ दराच्या जवळजवळ चार टक्के. तरी वाचकाचा घोटाळा होत नाही, कारण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे आपल्या तोंडात मापाच्या भांड्यासारखे बसलेत. पाव टक्का म्हणजे शंभर रुपयांमागे चार आणे, असं आधीच्या पिढीला आपोआप दिसायचं. 'टक्के बिंदू' असा शब्द कधीमधी वाचायला मिळतो. शास्त्रशुद्ध आहे, पण अजून रुळलेला नाही.

आणि तो रुळण्याची गरज आहे, कारण सगळीकडे पाव-अर्धा वापरून भागत नाही. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २०१९ मध्ये सुमारे ६१ टक्के होतं, २०२४ मध्ये सुमारे ६६. मतदान किती वाढलं? 'पाच टक्क्यांनी' म्हणणारा दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी सांगतो. 'आठ टक्क्यांनी' म्हणणारा एकसष्टावर पाचाचं प्रमाण सांगतो. मतांची संख्या किती वाढली विचाराल तर उत्तर आणखी तिसरं, कारण दरम्यान मतदारयादीच बदलली. तिघेही एकाच टीव्हीवर एकाच टेबलाशी बसून भांडू शकतात. बसतातच.

राजकारणानं टक्क्याला माणसंही जोडली. 'मराठी टक्का' हा शब्दप्रयोग मुंबईत जन्माला येणं साहजिक होतं. 'मराठी टक्का घसरला' याचा अर्थ मराठी माणसं कमी झाली असा लोक घेतात. तसं झालेलं असू शकतं, नसूही शकतं. शंभरात चाळीस होते. पुढे दीडशेत पंचेचाळीस झाले. संख्या पाचानं वाढली, टक्का दहानं घसरला. आणि 'मुंबई' म्हणजे फक्त महापालिकेची हद्द की डोंबिवली, विरार, पनवेलही, यावर पुन्हा उत्तर बदलतं. या विषयावर रक्त आटवण्याआधी हद्द कुठली धरली ते विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

निकालातले टक्के त्या मानानं गरीब बिचारे. दहावीला सहा विषयांचे सहाशे गुण, पण 'बेस्ट ऑफ फाइव्ह' धरून टक्के पाचशेवर काढतात. सर्वांत कच्चा विषय हिशोबातूनच जातो, म्हणून त्या टक्क्यांची तुलना आई-बाबांच्या टक्क्यांशी करू नये. पर्सेंटाइल ही तर जातच वेगळी. सीईटीत ९० पर्सेंटाइल मिळाले याचा अर्थ नव्वद टक्के उत्तरं बरोबर आली असा होत नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण नव्वद टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच. टक्का गुणांचा नसून मुलांचा आहे. पेढे वाटताना हे सांगायची गरज नाही.

सराफाकडचा हिशोब मात्र जरा थांबून बघण्यासारखा. घडणावळ 'बारा टक्के' म्हणतात. कशाचे? सोन्याच्या किमतीचे. दहा ग्रॅमची पाटली घडवायला कारागिराला जितके तास मागच्या वर्षी लागले तितकेच या वर्षी लागतात; हातोडी तीच, भट्टी तीच. पण सोन्याचा भाव दीडपट झाला की घडणावळही आपोआप दीडपट होते. तो वाढीव पैसा कारागिराच्या हातात पडतोच असं नाही. घडणावळ ग्रॅमला इतके रुपये अशी ठरवून घेता येते, काही पेढ्यांवर तशी पद्धत आहेही. जुन्या बायका तशीच ठरवून घेत. त्यांना टक्के काढता येत नव्हते म्हणून त्या तसं करत, असं मी बरेच दिवस समजत होतो.

'टक्केवारी' या शब्दाचा एक अर्थ शब्दकोशापेक्षा ठेकेदारांच्या बोलण्यात जास्त ऐकू येतो. रस्ता, नाला, सभामंडप, काहीही असो, "टक्केवारी किती चाललीय सध्या?" असा प्रश्न आला की तो गुणपत्रिकेचा नसतो. बँकेत, शोरूममध्ये, पेपरात आणि धरणावर जो खुलासा कुणी आपणहून करत नाही, तो इथे कुणाला करावाच लागत नाही. टक्के बिलाच्या पूर्ण रकमेचे असतात, आणि आगाऊ द्यायचे असतात.